आजोबांच्या .315 रायफलीसाठी पुण्यात घरी काडतुसं भरून नेम सुधारता येईल का?

नाही, भरता येणार नाहीत. प्रेस आणि डाय (काडतुसं घरी भरायची यंत्रं) परदेशातून मागवायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय, तो आजच सोडून द्या.

तुमचा प्रश्न मला असा कळला: आजोबांची .315 रायफल परवान्यासकट तुमच्या नावावर झाली आहे, अमेरिकेतले हौशी लोक गॅरेजमध्ये काडतुसं भरून शंभर मीटरवर नाण्याएवढ्या जागेत गोळ्या घालतात असे व्हिडिओ तुम्ही बघता, आणि तसंच कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जमेल का हे तुम्हाला हवंय. शस्त्र बाळगायचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायचा परवाना नव्हे. 1959च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही धरली आहेत. म्हणजे गुन्हा ठरायला काडतूस तयार व्हायचीही गरज नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कुरिअरवाला येईल तेव्हा यावर चर्चा नको.

शिकार तर 1972च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी हा वेगळा विषय, त्यात इथे शिरत नाही.

आता मजेचा भाग. घरी काडतूस भरल्याने नेम का सुधारतो? काडतूस जास्त ‘जोरदार’ होतं म्हणून नाही. प्रत्येक काडतूस आधीच्यासारखं होतं म्हणून. पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) एका मापात आणायची, टोपी (दारू पेटवणारा भाग) सारख्या खोलीवर बसवायची, दारू ग्रेन या वजनाच्या मापाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत तोलायची, गोळी पुंगळीत किती आत बसते ते मोजायचं. मग एका विशिष्ट भरतीला नळीची थरथर अशी जुळते की गोळी दर वेळी साधारण त्याच क्षणी, नळीचं तोंड त्याच जागी असताना बाहेर पडते. ‘ट्यून’ करणं म्हणतात ते हेच. बाकी सगळा तराजू आणि चिकाटीचा खेळ.

पण या सारखेपणाची किंमत अंतर आणि वेग ठरवतात, आणि व्हिडिओवाले इथे थापा मारतात असं नाही, फक्त आपल्याला लागू नसलेलं सांगतात. तुमच्या .315ची गोळी नळीतून साधारण सेकंदाला 600 मीटरच्या आसपास निघते. दोन काडतुसांत 10 मीटरचा फरक पडला तर 100 मीटरवर गोळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर-खाली जाते. अशा जुन्या रायफलीचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा झुबका, 100 मीटरवर सात-आठ सेंटिमीटरचा आला तरी मी तक्रार करणार नाही. मग त्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी तुरुंगाची जोखीम कशाला?

याच्या उलट .22ची गोष्ट. बालेवाडीच्या 50 मीटर रेंजवर आम्ही जी .22 चालवतो, तिची गोळी 320–330 मीटरने निघते, आवाजापेक्षा हळू. पन्नास मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून 12–13 सेंटिमीटर खाली येते. इथे वेगात 10 मीटरचा फरक पडला तर फटका सात मिलिमीटर. दहा गुणांचं वर्तुळ केवढं? 10.4 मिलिमीटर. म्हणजे श्वास, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा), चाप सगळं जवळपास परफेक्ट असूनही काडतुसापायी दहाचे नऊ होऊ शकतात. आणि गंमत अशी की .22 भरता येतच नाही, कारण तिची टोपी वेगळी नसते, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठात असतं. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये 451.4 गुणांवर कांस्य घेतलं तेही कारखान्यातल्या तयार काडतुसावरच. कांबळवाडीचा हा पोरगा बालेवाडीत घडला, त्यामुळे आमच्या रेंजवर त्याचा विषय निघाल्याशिवाय दिवस जात नाही.

मग इथे ट्यूनिंग कसं होतं? लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं, निवडून. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांवर लॉट नंबर वेगळा असला की काडतूस वेगळंच समजायचं. ज्यांना परवडतं ते जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपनीच्या टेस्ट रेंजवर रायफल घेऊन जातात, तिथे नळी शिकंज्यात धरून एकेक लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट पेट्यांनी घेतात. बाकीचे आम्ही दोन-तीन लॉटचे डबे जमवतो, टेकण लावून मारतो आणि कागद जपून ठेवतो. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर काहीही ठरवू नका, पाच गोळ्या कोणाच्याही जवळ पडतात. दहा-दहाचे काही ग्रुप एकाच दिवशी मारा, शक्यतो सकाळी. एप्रिलच्या दुपारी पुण्यात टेबलावर उन्हात पडलेलं काडतूस सकाळच्या काडतुसासारखं वागत नाही. ब्रँड बदलला तर आधी थोड्या गोळ्या मोजणीबाहेर सोडा, कारण गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि नळीला ते पचायला वेळ लागतो.

ग्रुपचा आकार बघायला शिका, तो आकड्यापेक्षा जास्त बोलतो. उभा लांबट आला तर वेगातला फरक किंवा तुमचा श्वास. आडवा पसरला तर वारा, नाहीतर चाप बाजूला ओढला जातोय. गोळ्या दोन वेगळ्या झुबक्यांत पडत असतील तर काडतुसाला दोष देण्याआधी दस्त्याचे (खांद्याला लावायच्या, नळी धरून ठेवणाऱ्या भागाचे) स्क्रू तपासा.

आणि इथेच तुमच्या .315ला खरा फायदा आहे. या रायफली ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घाटावरच्या, ईशापूरच्या कारखान्यातल्या. सामान्य परवानाधारकाला लष्करी .303 वर्ज्य म्हणून .315 आली. दस्ता लाकडाचा आणि नळीखाली लांबवर गेलेला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने दाबतं, आणि जूनमध्ये बिंदूवर लागणारी रायफल ऑगस्टमध्ये वीतभर डावीकडे मारते. लोक मक्षी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) ठोकत बसतात. ते करू नका. परवाना असलेल्या चांगल्या गनस्मिथकडे द्या आणि तीन गोष्टी बघायला सांगा: दस्ता नळीला कुठे दाबतोय, रिसीव्हरचे (नळी मागे जिथे बसते त्या भागाचे) स्क्रू सारखे घट्ट आहेत का, आणि नळीचं तोंड घासलं आहे का. शेवटचं महत्त्वाचं, कारण जुन्या रायफली वर्षानुवर्षं पुढून गज घालून साफ केलेल्या असतात. मग एकाच लॉटची काडतुसं घ्या, आजोबांच्या कपाटातली जुनी अजिबात नकोत.

तरीही हात शिवशिवत असतील, वजन-मापं करत बसायचीच हौस असेल, तर 4.5 मिलिमीटरची 10 मीटर एअर रायफल घ्या. 2016च्या शस्त्र नियमांनुसार 20 ज्यूलपर्यंतच्या अशा एअर रायफलीला परवाना लागत नाही. छऱ्यांचे डबे 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापांत मिळतात. तिन्ही मापं आणा, टेकण लावून मारा आणि तुमच्या नळीला कुठलं आवडतं ते शोधा. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळे काही महिने तरी .315ची आठवण येणार नाही.