ऑनलाइन शिकवणीत प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडच्या आठवीच्या २४ मुलांना ऑनलाइन गणित शिकवता. चार-पाच जण कंटाळतात, निम्मे गप्प बसतात, काहींच्या घरी एकच मोबाइल आहे आणि प्रत्येकाकडे वेगळं बघायला वेळ पुरत नाही.

२४ मुलांसाठी २४ धडे करायला जाऊच नका. एका प्रकरणात मुलं अडतात ती सहसा तीन-चार ठिकाणीच. ती ठिकाणं सापडली की गट आपोआप पडतात. मार्कांवरून मात्र गट पाडू नका. दहापैकी चार मिळवणारी दोन मुलं अगदी वेगवेगळ्या कारणांनी अडलेली असू शकतात.

एकचल समीकरण घ्या: क्ष/२ + क्ष/३ = १०. उत्तर १२. हे ज्याला येत नाही तो समीकरणात कच्चा आहे असं वाटतं, पण पुष्कळदा त्याचं घोडं अपूर्णांकांतच अडलेलं असतं. म्हणून आधी नुसतं १/२ + १/३ विचारा आणि पर्याय असे द्या की चुकीचं उत्तरच कारण सांगेल. २/५ निवडलं तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय, म्हणजे समच्छेद का करायचा हेच कळलेलं नाही. २/६ निवडलं तर छेद सारखा केला, पण अंश तसेच ठेवले. याला सममूल्य अपूर्णांकांचा अर्धा तास पुरेल. १/६ म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार. 'माहीत नाही' हाही पर्याय ठेवाच, नाहीतर मुलं अंदाजपंचे बोट लावतात आणि तुमची वर्गवारी फसते. ज्याचं ५/६ बरोबर आलं आणि तरीही समीकरण चुकलं, तोच खरा समीकरणाच्या गटातला.

हे गूगल फॉर्मवर करता येतं. उत्तरानुसार वेगळ्या विभागात पाठवायची सोय त्यात आहे, पण ती फक्त एकच पर्याय निवडायच्या आणि ड्रॉपडाउनच्या प्रश्नांना मिळते. चेकबॉक्स घेतलात तर दिसणारच नाही. शिवाय उडी विभाग संपल्यावर बसते. एकाच विभागात असे दोन प्रश्न टाकले की घोळ होतो, म्हणून एका विभागात एकच प्रश्न. सात-आठ प्रश्न पुष्कळ झाले. घरी मोठी ताई उत्तरं सांगते हे गृहीत धरा आणि फॉर्मसोबत एका गणिताच्या वहीचा फोटो आणि 'हे असं का केलं' याची अर्ध्या मिनिटाची ऑडिओ क्लिप मागा. कुठे अडलंय ते त्या क्लिपमध्ये फॉर्मपेक्षा लवकर कळतं.

एक गोष्ट टाळा: 'हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' अशी वाटणी. अशा शैलीनुसार शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच तपासून मांडलंय. मुलाला आधीचं काय येतं आणि फोन कधी मिळतो, या दोन गोष्टींवरून ठरवलेलं बरं.

फोनचं म्हणाल तर द्राक्षाच्या हंगामात, साधारण जानेवारी ते मार्च, आई-वडील दिवसभर बागेत असतात आणि फोनही त्यांच्याबरोबर. दुपारी चारचा लाइव्ह तास म्हणजे त्या मुलांना गैरहजेरीच. लाइव्ह तास संध्याकाळी साडेसातनंतर आणि फक्त शंकांसाठी ठेवा. शिकवणं आधी पाठवा आणि उत्तराला २४ तासांची मुदत द्या. व्हिडिओऐवजी पायऱ्यांना आकडे घातलेला एक फोटो आणि 'आता पायरी ३ बघा' असं सांगणारा पाच-सहा मिनिटांचा ऑडिओ पाठवा. सेकंदाला ३२ किलोबिटचा ऑडिओ मिनिटाला सुमारे २४० केबी घेतो, म्हणजे सहा मिनिटं दीड एमबीत बसतात. सुरगाणा-पेठच्या डोंगरातही, थोडी रेंज असली तर, हे पोचतं. फोटोसाठी काळं जेल पेन वापरा आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि छेदातले बारीक आकडे फिसकटतात.

गटांसाठी वेगळे ग्रुप काढू नका, कोण 'ढ' गटात ते अख्ख्या गावाला कळतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा: प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. अट एकच, पालकांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह हवा. नसेल तर मेसेज पोचतच नाही, आणि आपण समजतो मुलगा आळशी आहे.

पुढे जायचं कधी, तर पाचपैकी चार गणितं बरोबर आल्यावर. नाही आली तर तीच क्लिप पुन्हा ऐकायला लावू नका, वेगळ्या तऱ्हेने समजवा: भाकरीच्या तुकड्यांवरून अपूर्णांक कळले नाहीत तर संख्यारेषेवर दाखवा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून साहित्य वाय-फायवर उतरवून ठेवता येतं, पण मुलांना पूर्ण प्रकरण देऊ नका, हवा तेवढाच भाग सांगा. तीन दिवसांनी जुनी दोन गणितं घाला, पंधरा दिवसांनी गट मोडून नव्याने चाचणी घ्या. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या, नाशिकजवळ गोवर्धनला असलेल्या आपल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची एखादी अभ्यासपुस्तिका मिळाली तर चाळा. छोटे घटक आणि मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न ही मांडणी उचलण्यासारखी आहे.

कंटाळणाऱ्या चार-पाच जणांना तशीच आणखी वीस गणितं देणं ही शिक्षाच. उत्तर १२ येईल असं समीकरण त्यांनाच रचायला सांगा, किंवा नाव झाकून एखादं चुकलेलं गणित द्या आणि चूक कुठल्या पायरीत ते शोधू द्या.

कुणाची नजर अधू असेल तर फोटोतलं गणित टॉकबॅकला (अँड्रॉइड फोनमधली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) नीट वाचता येईलच असं नाही, स्कॅन केलेली पीडीएफही तशीच. तिथे टाइप करा आणि '१/२' ऐवजी 'एक छेद दोन' लिहा. पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर टॉकबॅक लावून ऐका. ते चालू असताना एका टॅपने बटण नुसतं निवडलं जातं, दाबायला दोनदा टॅप करावं लागतं. बंद करतानाही तसंच.