लेक राहते ज्वालामुखीसमोर

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी जपानमध्ये कागोशिमाला गेलीय. समोरच साकुराजिमा ज्वालामुखी! तिथली महापालिका खरंच तयार असते का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, असते, आणि मला त्या तयारीचं मनापासून कौतुक वाटतं. १२ जानेवारी १९१४ला तिथं प्रचंड उद्रेक झाला. ‘उद्रेक होणार नाही’ या वेधशाळेच्या शब्दावर विसंबून मागं राहिलेले काही गावकरी दगावले. सिद्धांतावर विसंबू नका, लक्षणं दिसताच निघायची तयारी करा, असं गावानं मग शिळेवरच कोरलं. आता शहर दरवर्षी स्थलांतराची रंगीत तालीम घेतं. राख भरायला पिवळ्या पिशव्याही देतं. २४ जुलै २०२२ला इशारा पाचव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर गेला, तेव्हा विवराजवळच्या वस्त्यांतली माणसं त्याच रात्री हलवली. लेकीला एवढंच सांगा : आपल्या भागाचा निवारा कुठला, ते महापालिकेच्या नकाशावर आजच बघून ठेव.