'कावर्ड'मध्ये गाय आहे का?

प्रश्न असा आहे: भित्र्या माणसाला इंग्रजीत 'कावर्ड' म्हणतात, त्यात 'काऊ' म्हणजे गाय दडलेली आहे का? आपण 'गरीब गाय' म्हणतो, तेव्हा शंका येणं साहजिकच. पण गाईचा इथे काही संबंध नाही. संबंध आहे तो शेपटीचा.

लॅटिनमध्ये शेपटीला 'कौदा' म्हणत. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'कोआर्त' हा शब्द तयार झाला आणि तेराव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. पळणारा पाठ फिरवतो आणि त्याची शेपूट तेवढी दिसते म्हणून हा शब्द आला, की घाबरलेलं कुत्रं शेपूट पायांत घालतं म्हणून, यावर कोशकारांचं एकमत नाही. माझं मत कुत्र्याच्या बाजूने. युरोपातल्या सरदारांच्या ढालींवर जे सिंह रंगवत, त्यांतला मागच्या पायांत शेपूट घातलेला सिंह 'कावर्ड' म्हणवला जाई. म्हणजे निदान पुढच्या काळातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे तरी हेच चित्र होतं. शिवाय 'शेपूट घालणे' हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही! रनार कोल्ह्याच्या जुन्या फ्रेंच कथांमधल्या सशाचं नावही 'कोआर्त'च आहे.

खरी गंमत शब्दाच्या उत्तरार्धात आहे. हा 'अर्ड' मूळचा जर्मानिक, अर्थ कणखर, धीट. रिचर्ड, बर्नार्ड, जेरार्ड या नावांत तोच आहे. फ्रेंचांनी तो नावांमधून उचलला आणि टिंगलीच्या शब्दांना चिकटवला, आपण आळशाला 'आळशीराव' म्हणावं तसा. इंग्रजीतला दारुड्या 'ड्रंकर्ड' त्याच साच्यातला. तेव्हा अक्षरशः फोड केली, तर 'कावर्ड'चा शेवट शूराचा निघतो.

त्याच 'कौदा'पासून फ्रेंचमार्गे रांगेचा 'क्यू' आला आणि इटालियनमार्गे संगीतरचनेच्या शेवटाचा 'कोडा'.

ब्रिटिश नाटककार नोएल कावर्ड यांचं आडनाव मात्र निराळं. ते गुराखी या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलंय, म्हणजे तिथे खरोखर गाय आहे. धाकदपटशाने नमवणे या अर्थाचं 'काऊ' हे क्रियापद बहुधा स्कँडिनेव्हियातून आलं. त्याचा गाईशीही संबंध नाही आणि शेपटीशीही. भीतीने अंग चोरून बसणे या अर्थाचं 'कावर' हेही वेगळ्याच कुळातलं. उच्चार जवळचे म्हणून या सगळ्यांना एकाच गोठ्यात बांधू नये.