चौरस फुटाचा दर आणि काळी माती

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ आमचा प्लॉट आहे. १००० चौरस फुटांचं एकमजली घर बांधायचं आहे. ठेकेदार मटेरियलसह १८०० रुपये दर सांगतो. १८ लाखांची तजवीज झाली आहे. पुरतील का?
(एक शिक्षक)

उत्तर : सर, मला आधी तुमच्या जमिनीची काळजी वाटते. मंगळवेढ्याची काळीभोर माती ज्वारीला उत्तम, पण घराच्या पायाला फार वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाया मातीखालच्या कडक मुरमावर टेकवावा लागतो; तो चार फुटांवर लागतो की दहा, यावर पायाचा खर्च ठरतो. म्हणून जेसीबी बोलावून प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, कडक मुरूम किती खोल आहे ते स्वतः टेपने मोजा आणि मगच इंजिनिअरकडून आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं) डिझाइन करून घ्या. १८०० च्या दरात पाया किती फुटांपर्यंत धरलाय, त्याखाली प्रत्येक फुटाला किती जादा, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. ‘ते बघू नंतर’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगते.

कंपाऊंड, बोअर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, वीजजोडणी या गोष्टी बहुतेकदा दराबाहेर असतात. त्यांची वेगळी यादी करा.

मालाचा ढोबळ हिशोब तुम्हीही करू शकता. चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई. म्हणजे तुम्हाला ४०० पोती आणि चार टनांपर्यंत सळई; पाया खोल गेला तर जास्त. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागा.

काम फक्त मजुरीवर देऊन वाळू-खडी स्वतः आणणार असाल, तर ट्रॉली रिकामी होण्याआधी मोजा. ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० फूट लांब, ५ फूट रुंद ट्रॉलीत माल सगळीकडे २ फूट भरलेला असेल तरच एक ब्रास. काठी चार ठिकाणी खुपसून बघा, कडेला बऱ्याचदा कमी भरतं.

माझं ऐकाल तर सध्या ८५० चौरस फुटांचाच नकाशा काढून घ्या. याच दराने २ लाख ७० हजार हाताशी राहतील, ते पाया आणि बाहेरच्या कामांसाठी ठेवा. खड्ड्यात मुरूम वरच लागला, तर मंजुरीला देण्याआधी मागची खोली वाढवता येईल.