हिवाळ्यात टूरिंग बाइकच्या इंजिनात काय काय अपग्रेड करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे, गाडी जळगावला असते, जूनमध्ये मनालीमार्गे लेहला जायचंय, हातात नोव्हेंबर ते फेब्रुवारी आहे, तर बोअर किट (जास्त व्यासाचा ब्लॉक आणि पिस्टन), हाय कम्प्रेशन पिस्टन (मिश्रण जास्त दाबणारा) आणि फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा, सायलेन्सर कोणत्या क्रमाने टाकू? एका ओळीत उत्तर देतो, यातलं काहीच टाकू नका. ज्यांना एवढं पुरतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण पुढे बरंचसं माझ्या घरचं भांडण आहे.

आधी हिवाळ्याचं बघू. चार महिने गाडी उघडून बसायची ही कल्पना तुम्ही ज्यांचे व्हिडिओ बघता त्यांच्या गावची आहे. तिकडे रस्त्यावर बर्फ असतो, बर्फावर मीठ टाकतात, गाडी ताडपत्रीखाली झोपलेली असते. खान्देशात गाडी चालवायचे दिवसच मुळी हे चार महिने. तोरणमाळ, पाटणादेवी, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, सावदा-फैजपूरकडे कुणाच्या तरी मळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की टाकीवर हात ठेवता येत नाही, तेव्हा काय फिरणार? आणि नेमकं थंडीत तुम्ही इंजिनाचं हेड उतरवून, पार्ट कधी येतील म्हणून कुरियरवाल्याला फोन लावत बसणार.

पण माझं दुखणं वेगळं आहे. मीही एकदा असंच केलंय, डिसेंबर २००७ मध्ये.

आमचे आप्पा धुळ्यात ब्लॉक बोअर करून द्यायचे, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात फिरतो ते आतून कापून नव्या मापाचं करायचे. गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी. विहिरीवरची डिझेल इंजिनं, ट्रॅक्टरचे लायनर, अधूनमधून एखादी बुलेट. त्यांचा एक नियम होता, पिस्टन हातात दिल्याशिवाय ब्लॉकला हात लावणार नाही. खोक्यावर ‘पन्नास’ लिहिलंय म्हणून अर्धा मिलिमीटर काढून मोकळं व्हायचं, हे त्यांना चालायचं नाही. आधी पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, मायक्रोमीटरने मोजायचा, त्यात पिस्टन फुगायला लागणारी जागा मिळवायची, मग बोअर. कटिंग झालं की ब्लॉक तासभर बाजूला ठेवायचे, कारण गरम लोखंडाचं माप खोटं येतं. मग होनिंग, म्हणजे आतला पृष्ठभाग घासून एकसारखा करणं. शेवटी रिंगा न चढवता पिस्टन उलटा ब्लॉकमध्ये सोडायचे, बाजूने फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी घालायचे आणि दोन बोटांनी ती हळूच ओढून बघायचे. हे करताना डोळे मिटलेले असत. पट्टी किती चावते ते बोटांना कळायचं. मग वहीत नोंद: तारीख, गाडी, पिस्टनचं माप, बोअरचं माप आणि मधली जागा थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा पुण्यात एका गॅरेजात होता. दिवाळीला आला तो माझ्या जुन्या बीडाच्या इंजिनाच्या बुलेटसाठी जास्त कम्प्रेशनचा पन्नासचा पिस्टन आणि एक फ्री-फ्लो सायलेन्सर घेऊन. म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत तुझी गाडी रॉकेट करून देतो. ओव्हरसाइझ पिस्टन टाकला की पॉवर वाढते असं आजही कितीतरी पोरं सांगतात, म्हणून हिशेब देतो. बुलेट ३५० चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. बोअर ७०.५ केला तर वाढतात जेमतेम पाच सीसी. पाच! ओव्हरसाइझ हा झिजलेल्या ब्लॉकवरचा इलाज आहे, ताकदीचं औषध नाही. ३५० ची ५०० करायला कंपनीने स्ट्रोक तोच ठेवून बोअर थेट ८४ वर नेला होता.

बोअर किती घट्ट ठेवायचा यावरून दुकानातच वाजलं. दादाचं म्हणणं, तीन थाउ ठेवा, ढिला पिस्टन गार इंजिनात वाजतो, गिऱ्हाईक तक्रार करतं. आप्पा म्हणाले, साडेचार. हवेवर थंड होणारं इंजिन, वरून जास्त कम्प्रेशन, आणि हे धुळं आहे, पुणं नाही. “पिस्टनले फुगाले जागा लागस रे भो,” एवढंच बोलले आणि साडेचारच ठेवला. वहीत तसं लिहिलंय. हे लक्षात ठेवा.

सायलेन्सरबरोबर एक नंबर मोठा मेन जेटही, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची नळीही, आला होता. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढतं, त्या हिशेबाने पेट्रोल वाढवावं लागतं, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन आतून तापतं. दादा म्हणाला, आधी रनिंग-इन (नवे भाग बसेपर्यंत हळू चालवणं) होऊ दे, जेट नंतर टाकू. जेट माचिसच्या डबीत घालून देवघराच्या फळीवर ठेवला. दादा पुण्याला गेला. मीही विसरलो, कारण गाडी लोण्यासारखी चालत होती. साक्री, अमळनेर, दोंडाईचा, हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर न जाता काढले. स्पार्क प्लग बघितला तर बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे मिश्रण बरोबर. आपण शहाणे.

यातली गोम मला फार उशिरा कळली. मेन जेट कामाला लागतो तो अ‍ॅक्सिलरेटर पाऊण पिळल्यावर. रनिंग-इनमध्ये मी पाव-अर्ध्याच्या पुढे गेलोच नव्हतो. म्हणजे जी जागा चुकीची होती तिथे गाडी दोन महिने पोचलीच नाही. थंडीने मला सर्टिफिकेट दिलं, ते अर्ध्याच पेपराचं.

मे २००८. लग्नाला आठ महिने झालेले, बायको मागे, दोन्ही बाजूंना बॅगा, महेश्वरला निघालो. सोनगीर, नरडाणा, तापीवरचा सावळद्याचा पूल, शिरपूरला उसाचा रस. पळासनेर सोडून बिजासन घाटाला लागलो तेव्हा अकरा वाजले असतील. चढ, दोघांचं वजन, पुढे ट्रकांची रांग, आणि मी पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळून धरला. बायको म्हणाली, “आवाज बदलला.” मी म्हटलं, घाट आहे. ती म्हणाली, “नाही, टणटण येतंय.” मी ऐकलं नाही. अर्ध्या मिनिटात गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी जड झाली आणि मागचं चाक जाम होऊन घसरलं. क्लचवर दोन बोटं ठेवायची सवय आप्पांनी लावली होती म्हणून आडवे झालो नाही. तुम्हीही ती सवय लावून घ्या, किटपेक्षा स्वस्त आहे.

पाऊण तासाने किक हलली, पण आतून खरखर. सेंधव्याकडून मोकळा परतणारा टेम्पो मिळाला. बायको ड्रायव्हरशेजारी, मी मागे बुलेट धरून उभा. महेश्वर अजून बघायचंय.

आप्पांनी रात्रीच हेड उतरवलं. प्लग चुन्यासारखा पांढरा, म्हणजे मिश्रण पातळ आणि आत तापलेलं. पिस्टनवर ओरखडे होते, पण फक्त एक्झॉस्टच्या बाजूला, सरळ उभे. बाकीच्या स्कर्टवर मशीनच्या बारीक रेषासुद्धा शाबूत होत्या. बोअर घट्ट असता तर खुणा चारी अंगांना उमटल्या असत्या, कारण पिस्टन फुगून सगळीकडून अडकला असता. एकाच बाजूला, तेही एक्झॉस्टला, म्हणजे तापलं तिकडून. आप्पांनी ब्लॉकच्या खालच्या भागात, जिथे ओरखडा नव्हता तिथे, पुन्हा माप घेतलं. वहीतल्या आकड्याशी जुळलं. ते काही बोलले नाहीत. पिस्टन फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. मी देवघरातून माचिसची डबी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली, तीही त्यांनी पिस्टनशेजारी ठेवून दिली.

दादाला फोन केला तर त्याचं पहिलं वाक्य, “आप्पांनी बोअर घट्ट ठेवला असणार.” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत तो हेच सांगतो. आप्पा जाऊन सात वर्षं झाली, तरी मागच्या अक्षय्यतृतीयेला पुरणपोळी खाताना पुन्हा तेच. घट्ट ठेवा म्हणणारा कोण होता ते त्याला सोयीने आठवत नाही.

तुमच्या हिमालयनला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे, तेव्हा हे सगळं जुनं झालं असं म्हणाल. नाही झालं. एक्झॉस्ट पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर हलक्या हाताने चालवताना मिश्रण सांभाळून घेतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडला की कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकत नाही, आतल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता कंपनीच्या सायलेन्सरसाठी, कंपनीच्या ४११ सीसीसाठी बनवलेला आहे. म्हणजे जळगाव-भुसावळ फेऱ्यांत गाडी मस्त वाटणार आणि चूक कळणार ती भर चढावर, सामानासकट. माचिसच्या डबीतला जेटच तो, फक्त आता दिसतही नाही.

आता उंचीचा हिशेब. लेहच्या पुढची खारदुंग ला खिंड, तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, तरी मोजून भरते ५,३५९ मीटर, आणि तिथली हवा घनतेने आपल्याकडच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या गाडीचे २४ हॉर्सपॉवर तिथे चौदा-पंधरा उरतात. बोअर वाढवून दहा टक्के कमावले असं धरलं तरी वरती हातात येतो दीड हॉर्सपॉवर. त्यासाठी ब्लॉक, पिस्टन, ट्यूनिंग आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या निर्जन मोरे पठारावर बंद पडण्याची शक्यता, एवढं विकत घ्यायचं? पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दात्याने लहान केलं तर चढाला बऱ्यापैकी फरक पडतो, खर्च नगण्य, आणि परत आल्यावर जुनं बसवता येतं. इंजिनाला हात लावायची खाज असेल तर टॅपेट तपासा, क्लच प्लेट मोजा, ऑइल कूलरच्या जाळीतला चिखल धुवा, एअर फिल्टर बदला, चेन-स्प्रॉकेटचा सेट टाका. उरलेल्या पैशांत चांगले टायर. एवढ्या कामाला दोन रविवार पुरतात, चार महिने नाही.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सीसी आरसीवर लिहिलेली असते. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. अपघात झाला तर विमावाला आधी हेच उकरून काढेल. सायलेन्सरचं तर पोलीस रोडरोलर फिरवून काय करतात ते पेपरात बघितलंच असेल.

एवढं सगळं बोलून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. गाडी खरंच झिजली असेल, ऑइल पीत असेल, सकाळी निळा धूर सोडत असेल, तर इंजिन उघडावंच लागेल, आणि ते नोव्हेंबरातच उघडा. कारण नव्या रिंगा बसायला थंड हवा बरी. फक्त पिस्टन मोजून बोअर करणारा माणूस शोधा, खोक्यावरचा आकडा वाचून करणारा नको. आणि थंडीत चांगली चालली म्हणून खूश होऊ नका. एप्रिलमध्ये, भर दुपारी, मागे कुणालातरी बसवून, सामान लादून बिजासन घाट चढा, अ‍ॅक्सिलरेटर उघडा ठेवून. टणटण ऐकू आली तर लगेच हात ढिला करा. वर पोचताच इंजिन बंद करा, रिकामं चालू ठेवू नका, नाहीतर प्लगचा रंग बदलतो. थोडं निवलं की प्लग काढून बघा. पांढरा असेल तर लेहला निघू नका. मागे बसलेलं माणूस आवाजाबद्दल काही म्हणालं तर ऐका.

बोअर किट टाकून लाखभर किलोमीटर फिरलेले लोक आहेत, ते इथे येऊन मला शिव्या घालतील. घालोत. त्यांनी ट्यूनिंगही नीट करून घेतलेलं असतं, त्याचं बिल ते सांगत नाहीत एवढंच.

आणि दादा, हे वाचत असशील तर पिस्टन, वही आणि माचिसची डबी तिन्ही त्याच कपाटात आहेत. येताना चष्मा घेऊन ये, आप्पांचं अक्षर बारीक आहे.