आकाशछायाचित्रण : तुमचे प्रश्न – गाइडिंग चालू, तरी तारे लांबट

प्रश्न (सातारा) : 420 मिमी नाभीय अंतराची दुर्बीण, एचईक्यू-5 माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा आधार), 120 मिमी नाभीय अंतराचा छोटा गाइड स्कोप आणि 3.75 मायक्रॉन पिक्सेलचा गाइड कॅमेरा असा संच आहे. पीएचडी-2 या गाइडिंगच्या प्रोग्रॅममध्ये (तो एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला दुरुस्त्या देतो) कॅलिब्रेशन, म्हणजे माउंट हलवल्यावर तारा किती सरकतो याची मोजणी, करताना ‘तारा पुरेसा हलला नाही’ असा संदेश येतो आणि काम थांबते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी गणित. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, 206ने गुणा आणि मिमीमधल्या नाभीय अंतराने भागा. तुमच्या गाइड कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे 6.4 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) येतो. मुख्य कॅमेऱ्याचे पिक्सेल 3.76 मायक्रॉनचे असतील, तर तिथे हाच आकडा 1.85 आहे. साडेतीन पटींचा हा फरक चालतो, कारण ताऱ्याचे मध्य पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत मोजता येते.

तारा न हलण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पल्स, म्हणजे माउंटला दिलेला हलण्याचा हुकूम, छोटी असणे. नाभीय अंतराच्या रकान्यात 120 ऐवजी 420 भरले गेले, की प्रोग्रॅम पल्स साडेतीन पट लहान काढतो. गाइड वेग ताऱ्यांच्या वेगाच्या 0.5 पट ठेवला तर माउंट सेकंदाला साधारण 7.5 विकला सरकतो. कॅलिब्रेशनसाठी तारा 25 पिक्सेल सरकवायचा म्हणजे सुमारे 160 विकला, त्याला 21 सेकंदांहून थोडे जास्त लागतात. ते 12 पायऱ्यांत वाटले, तर प्रत्येक पल्स 1800 मिलिसेकंदांच्या आसपास हवी. हा हिशोब पीएचडी-2 मधला कॅल्क्युलेटर स्वतः करतो, फक्त त्याला खरे आकडे द्या.

आकडे बरोबर असूनही तारा ढिम्म असेल तर केबल पाहा. गाइड कॅमेऱ्यापासून माउंटपर्यंत पल्स नेणारी एसटी-4 केबल सहा तारांची असते. घरातल्या जुन्या लँडलाइनची वायर त्या खोबणीत बसते, पण तिच्यात दोन किंवा चारच तारा असतात, त्यामुळे एखादी दिशा मुकी राहते. त्यापेक्षा माउंट यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडून अ‍ॅस्कॉम या जोडणीच्या सॉफ्टवेअरमार्फत पल्स पाठवा. मग दुर्बीण कुठे रोखली आहे हे प्रोग्रॅमला कळते आणि लक्ष्य बदलल्यावर दर वेळी नव्याने कॅलिब्रेशन करावे लागत नाही.

कॅलिब्रेशन कुठे करता, यावरही बरेच अवलंबून आहे. ध्रुवाकडे जाल तसे आरए (पूर्व-पश्चिम) अक्षाच्या त्याच पल्सने तारा कमी सरकतो, 60 अंश क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्तापासून 60 अंशांवर) तर निम्माच. म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचा आणि याम्योत्तराजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा) तारा घ्या. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास मृगातला बाण नेमका अशा जागी असतो. डेक (उत्तर-दक्षिण) अक्षाच्या गिअरमधली ढिलाई काढून टाकायला आधी हँड कंट्रोलरने दुर्बीण काही सेकंद उत्तरेकडे सरकवा.

आता पोलर अलाइनमेंटमधली, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखण्यातली, आपल्या भागातली खरी अडचण. साताऱ्यात ध्रुवतारा जेमतेम 18 अंशांवर, म्हणजे धुरकट हवेत आणि गावाच्या उजेडात. शिवाय तेवढ्या खाली वातावरणीय अपवर्तन त्याला सुमारे 3 कला (1 कला म्हणजे 60 विकला) वर उचलून दाखवते. पोलर अलाइनमेंटच्या प्रोग्रॅममध्ये अपवर्तनाची दुरुस्ती असेल तर ती चालू ठेवा. उत्तर दिशा इमारतीने झाकली असेल तर ड्रिफ्ट पद्धत (ताऱ्याचा डेकमधला सरक पाहून अक्ष जुळवणे) वापरा: आधी याम्योत्तराजवळच्या ताऱ्यावर दिगंशाचा (डावी-उजवीकडचा) स्क्रू, मग पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खालच्या ताऱ्यावर उंचीचा. आणि हो, माउंट इतका खाली झुकवल्यावर वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो का, ते वीज जोडण्याआधीच हाताने फिरवून पाहा.

गाइड कॅमेऱ्याचे एक्स्पोजर 2 ते 3 सेकंद ठेवा. अर्ध्या सेकंदाचे ठेवले तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो आणि आलेख उलट बिघडतो. लेन्सला झाकण लावून डार्क लायब्ररी (काळ्या फ्रेमचा संच) जरूर बनवा. आपल्या उबदार रात्री हॉट पिक्सेल (अंधारातही चमकणारे) भरपूर येतात, आणि प्रोग्रॅमने त्यातलाच एक तारा म्हणून पकडला तर तो कधीच हलणार नाही. मग पुन्हा तोच संदेश!

प्रश्न (नाशिक) : एकूण आरएमएस (गाइडिंगची सरासरी चूक) 0.7 विकला दिसतो, तरी 5 मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे लांबट येतात. कोणते सेटिंग बदलू?

उत्तर : कोणतेही नाही. गाइड स्कोप आपल्या ताऱ्यावर स्थिर आहे, पण मुख्य दुर्बीण त्याच्या तुलनेत वाकते आहे. तासभरातली पहिली आणि शेवटची फ्रेम एकमेकींवर ठेवून पाहा. सगळे तारे एकाच दिशेला सरकले असतील तर ही वाकण्याचीच खूण. गाइड ताऱ्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसले, तर दोष पोलर अलाइनमेंटचा.

संशयित नंबर एक म्हणजे फाइंडरच्या बुटात (छोटी शोधक दुर्बीण बसवायच्या खोबणीत) एका स्क्रूवर लटकलेला गाइड स्कोप. तो दोन रिंगांत घालून डव्हटेल पट्टीवर पक्का बसवा, फोकसर लॉक करा, लोंबणाऱ्या केबली दुर्बिणीला बांधून टाका. श्मिट-कॅसेग्रेन (आरशाची) दुर्बीण असेल तर मुख्य आरसाच आत सरकतो, तिथे रिंगा काही करू शकत नाहीत. मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर घ्या.

प्रश्न (पणजी) : स्टार अ‍ॅडव्हेंचरर 2आय हा छोटा ट्रॅकर आणि 135 मिमी लेन्स आहे. डेकचा आलेख सतत एका बाजूला पळतो.

उत्तर : पळणारच, त्या ट्रॅकरला डेकची मोटर नाही. डेक गाइडिंग ‘ऑफ’ करा, म्हणजे प्रोग्रॅम नसलेल्या मोटरला हुकूम देत बसणार नाही. डेकमधला सरक फक्त पोलर अलाइनमेंटने कमी होतो. ध्रुवापासून 1 कलेची चूक असेल तर मिनिटाला जास्तीत जास्त 0.26 विकला सरक होतो. 5 कला चुकलात तर 2 मिनिटांत 2.6 विकला. तुमच्या लेन्सला 3.76 मायक्रॉनचा कॅमेरा असेल तर एक पिक्सेल 5.7 विकलांचा, म्हणजे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी. त्या आलेखाकडे खुशाल दुर्लक्ष करा.