केरेवे लोक कोण? त्यांचं जगणं आणि श्रद्धा कशा आहेत?

टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवरात उकेरेवे नावाचं मोठं बेट आहे, तिथले हे लोक. भाषा किकेरेवे, बांटू कुळातली. बाजारात मात्र स्वाहिली चालते. म्वांझाहून फेरीबोटीने नान्सिओला उतरायचं. किनाऱ्यावर चांदीसारखी चकाकणारी बारीक 'दगा' मासळी वाळत पडलेली असते, आतल्या भागात कसावा, रताळी, भात. ताटात उगाली, म्हणजे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा, आणि सोबत मासे.

श्रद्धेचं म्हणाल तर आज बरेच जण ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक पुष्कळ. पण जुनी श्रद्धा पूर्वजांच्या आत्म्यांवर आणि पावसावर. राजाला 'ओमुकामा' म्हणत, आणि पाऊस आणणं हे त्याचं काम! पाऊस रुसला की गादी डळमळायची. राजेपणाची ही अट मला तरी भारी वाटते.

हे जग आतून बघायचं असेल तर अनिसेती कितेरेझा वाचा. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या केरेवे माणसाने मूल होत नसलेल्या जोडप्याची कादंबरी १९४५ मध्ये किकेरेवेत लिहून संपवली. छापून यायला तीसहून जास्त वर्षं गेली, आणि तीही स्वाहिलीत.